थर्माकोल खाणारी अळी: व्हिडिओत दिसतं त्यातलं किती आपल्या कामाचं?



गेले पंधरा दिवस आपल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. पांढऱ्या थर्माकोलच्या तुकड्यावर पिवळसर अळ्या वळवळतायत, आणि बघता बघता तुकड्याची चाळण होते. खाली लिहिलंय, "आता प्लास्टिकची चिंता मिटली." तीन-चार होडीवाल्यांनी सोसायटीत येऊन विचारलं की या अळ्या कुठे विकत मिळतात, लिलाव शेडच्या मागे फुटक्या पेट्यांचा ढीग पडलाय त्यात सोडता येतील का. एकजण तर म्हणाला, सेक्रेटरी, मग जुनी जाळी गोळा करायची वर्गणी तरी कशाला काढायची?

प्रश्न रास्त आहे, म्हणून जे वाचून कळलं ते इथे सविस्तर लिहितो. व्हिडिओ खोटा नाही, हे आधीच सांगतो. पण त्यात वजनाचा काटा कुठे दाखवलेला नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून करू. पावसात रव्याला, पिठाला जाळी धरते ती घरातल्या बायकांना चांगली माहीत आहे. ती जाळी विणणारी अळी एका छोट्या पतंगाची असते. इंग्रजीत या पतंगाच्या नावात 'इंडियन' शब्द आहे, पण त्याचा आपल्या देशाशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणायचे, त्यात तो सापडला म्हणून ते नाव. तर ही अळी तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीलाही भोक पाडते. चीनमधल्या बेइहांग विद्यापीठातल्या संशोधकांनी तिच्या पोटातले जिवाणू वेगळे काढले आणि पातळ पॉलिथिनच्या तुकड्यांवर वाढवले. २०१४ साली त्यांनी निकाल छापला. दोन जिवाणू सापडले. ६० दिवसांत एकाने पॉलिथिनचा सुमारे ६ टक्के भाग संपवला, दुसऱ्याने जवळजवळ ११ टक्के. पॉलिथिनला कोणीच हात लावत नाही असं तोवर धरून चालायचे, त्यामुळे ही बातमी मोठी होती. पण ६० दिवस आणि ११ टक्के, हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आता कोणी विचारेल, पोटातला जिवाणू म्हणजे काय? अळी खाते की जिवाणू खातो?

वाळवीचं उदाहरण घ्या. वाळवी लाकूड खाते, पण लाकूड पचवण्याचं बरंचसं काम तिच्या पोटात राहणारे सूक्ष्म जीव करतात. गाय गवत खाते त्याचंही तसंच. आणि आपल्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर लाकडी होडीच्या बुडाला बोगदे पाडणारा तो लांबट जीव आठवा, ज्याच्यासाठी बुडाला तेल-डांबर लावावं लागायचं. आपण त्याला कीड म्हणतो, पण तो शिंपल्याच्या कुळातला आहे. त्याच्या कल्ल्यांमध्ये जिवाणू राहतात, ते लाकूड विरघळवणारा रस तयार करतात आणि तो रस त्याच्या पोटात जातो. म्हणजे करवत त्याची आणि पाचक रस भाडेकरूंचा. फायबरच्या होड्या आल्या आणि आपली त्याच्यापासून सुटका झाली.

थर्माकोल खाणारी अळीही याच पद्धतीने काम करते. व्हिडिओतली अळी पिठात होणाऱ्या काळ्या भुंग्याची आहे. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना आणि काचेच्या टाकीतल्या शोभेच्या माशांना खाऊ म्हणून ती विकतात, नाव मीलवर्म. २०१५ साली बेइहांग आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड या दोन विद्यापीठांच्या लोकांनी तिला निव्वळ थर्माकोलवर ठेवून पाहिलं. महिनाभर नुसत्या थर्माकोलवर ठेवलेल्या अळ्या कोंड्यावरच्या अळ्यांइतक्याच टिकल्या. तिच्या पोटातून एक जिवाणू वेगळा काढला, एक्झिगुओबॅक्टेरियम त्याचं नाव. तो एकटा बाहेर ठेवला तेव्हा ६० दिवसांत त्याने थर्माकोलच्या मालाचा साडेसात टक्क्यांच्या आसपास भाग कमी केला.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग त्यांच्या परीक्षेचा. काम जिवाणूच करतात हे सिद्ध कसं करायचं? त्यांनी अळ्यांना जेंटामायसिन दिलं. हे आपल्याकडे डॉक्टर देतात तेच अँटिबायोटिक. पोटातले जिवाणू मेले. अळ्या थर्माकोल चावत राहिल्या, पण आतली साखळी तुटायची बंद झाली. आपल्यालाही अँटिबायोटिकचा कोर्स झाला की आठवडाभर पोट ताळ्यावर राहत नाही, साधारण तसंच.

याच जातकुळीचे जिवाणू भारतातही सापडले आहेत. ग्रेटर नोएडाच्या शिव नाडर विद्यापीठाच्या शेजारच्या पाणथळ जागेतून तिथल्या संशोधकांनी एक्झिगुओबॅक्टेरियमचेच दोन प्रकार काढले आणि ते थर्माकोलच्या मालावर वाढतात असं २०१८ साली दाखवलं. म्हणजे अळीचं पोट हे एकच घर नाही.

आता काटा काढूया.

स्टॅनफर्डच्या प्रयोगात १०० अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खात होत्या. म्हणजे १०० अळ्यांची पंगत आणि दिवसाचं जेवण तांदळाच्या दोनेक दाण्यांच्या वजनाचं. बर्फात मासळी भरायची आपली थर्माकोलची पेटी हिशेबाला अर्धा किलो धरू. १०० अळ्या बसवल्या तर ती एक पेटी संपायला ३८ वर्षं लागतील. पंधरवड्यात संपवायची असेल तर अळ्या लागतील सुमारे १ लाख. वाढलेली अळी ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढी असते, म्हणजे एका पेटीमागे १० किलो अळ्या पाळायच्या. शेडच्या मागे पेट्या किती आहेत ते तुम्ही जाऊन मोजा.

त्या अळ्या पाळणार कोण, हाही प्रश्न आहेच. त्यांना कोरडी, उबदार, हवेशीर जागा लागते. पावसात भिजलेल्या, मासळीचं पाणी मुरलेल्या ढिगाऱ्यावर सोडल्या तर निम्म्या बुरशीने जातील, उरलेल्या कावळे-साळुंक्या वेचतील. शिवाय अळी कायम अळी राहत नाही, तिचा भुंगा होतो. पिठाचा भुंगा लाखांनी पैदा करायचा आणि शेजारी रेशनचं गोदाम, हे मला तरी परवडणारं वाटत नाही.

आणि नुसत्या थर्माकोलवर अळी जगली तरी बाळसं धरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २०२२ साली याच्याहून मोठी अळी, जिला सुपरवर्म म्हणतात, तिचे तीन गट केले. एकाला कोंडा, एकाला थर्माकोल, एकाला काहीच नाही. तीन आठवड्यांनी थर्माकोलवाल्यांचं वजन किंचित वाढलं होतं, म्हणजे त्यातून काहीतरी अंगी लागत होतं. पण कोंडा खाणाऱ्यांच्या जवळपासही त्या नव्हत्या, आणि त्यांच्या पोटातल्या जिवाणूंची विविधता घटली होती. थर्माकोलसोबत कोंडा दिला तर अळ्या थर्माकोलही जास्त खातात असं इतर प्रयोगांत दिसलंय. उपाशी खलाशाकडून जाळं ओढून होत नाही, तसंच हे.

आणखी एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. अळीने खाल्लं म्हणजे संपलं असं होत नाही. खाल्लेल्या थर्माकोलमधल्या कार्बनपैकी निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला, १६ दिवसांच्या मोजणीत ४७.७ टक्के. अळीच्या अंगात अगदी नगण्य भाग राहिला. उरलेलं विष्ठेतून बाहेर पडलं, बारीक कणांच्या रूपात, अर्धवट तुटलेलं. म्हणजे अर्धा किलोच्या पेटीतून पाव किलोच्या आसपास भुकटी उरते. ती पावसाच्या पाण्याबरोबर खाडीत गेली तर आज पेटीचा तुकडा दिसतो, हाताने उचलता येतो. ती भुकटी कोण उचलणार?

दुसरा व्हिडिओ पिशवी खाणाऱ्या अळीचा आहे, तो वेगळा प्रकार. मधमाश्या पाळणाऱ्यांना मेणकिडा माहीत असतो, पोळ्यातलं मेण खाऊन पोळं पोखरणारी अळी. स्पेनमध्ये फेदेरिका बेर्तोक्किनी नावाच्या शास्त्रज्ञ बाई हौसेने मधमाश्याही पाळतात. पोळं साफ करताना त्यांनी अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या, थोड्या वेळाने पाहतात तर पिशवीला भोकं आणि अळ्या बाहेर. मग केंब्रिजच्या दोघा संशोधकांबरोबर त्यांनी रीतसर प्रयोग केला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. दुकानातल्या पिशवीवर १०० अळ्या सोडल्या. ४० मिनिटांत भोकं दिसायला लागली, १२ तासांत ९२ मिलिग्रॅम प्लास्टिक कमी झालं. मीलवर्मच्या मानाने हा वेग बराच जास्त.

मेणकिड्यालाच हे का जमतं? मेण आणि पॉलिथिन, दोन्हींत कार्बनच्या लांबलचक साखळ्या असतात. ज्याची पिढ्यान्‌पिढ्या मेणावर गुजराण झाली, त्याला पॉलिथिन अगदीच परकं वाटत नसावं.

पण त्यावर लगेच वाद झाला. जर्मनीतल्या माइंत्सच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी लिहिलं की पुरावा अपुरा आहे. अळीने पिशवी चावली हे दिसतं, पचवली हे दिसत नाही; यंत्राने जी खूण पकडली ती अळीच्या अंगाच्या अंशाचीही असू शकते. मला हा आक्षेप पटतो. उंदीरही आपली जाळी कुरतडतो, म्हणून त्याने नायलॉन पचवलं असं आपण म्हणत नाही. पुढे २०२२ साली बेर्तोक्किनी बाईंच्याच गटाने सांगितलं की या अळीच्या लाळेतच दोन पाचक द्रव्यं आहेत, जी साध्या तापमानाला, काही तासांत पॉलिथिनची मोड सुरू करतात. म्हणजे इथे पोटातल्या जिवाणूंपेक्षा अळीच्या स्वतःच्या तोंडाचा वाटा मोठा असू शकतो. अळी की जिवाणू, यावर शास्त्रज्ञांची ओढाताण अजून चालू आहे. त्यांचं चालू दे, आपल्याला वेगळा प्रश्न आहे.

आपल्या होडीवर कोणकोणतं प्लास्टिक असतं? पेट्या आणि काही बोये थर्माकोलचे. ट्रॉलचं जाळं बहुधा पॉलिथिनचं, म्हणजे आपण एचडी म्हणतो ते. दोर पीपीचे नाहीतर एचडीचे. कांडाळ नायलॉनची. अळ्यांचे जे प्रयोग गाजले ते थर्माकोल आणि पातळ पिशवीचे. पिशवीचं पॉलिथिन आणि ट्रॉलच्या धाग्याचं पॉलिथिन नावाला एकच, पण धागा ओढून, ताणून, पीळ देऊन घट्ट केलेला असतो. तो तुटू नये म्हणूनच तर आपण त्याचे पैसे मोजतो.

हे समजायला दोराचंच उदाहरण बरं. पॉलिथिन म्हणजे कुठेही गाठ नसलेला अखंड दोर. जिवाणूच्या पाचक रसाला सुरुवात करायला जागाच सापडत नाही. आधी उन्हाने नाहीतर रसायनाने त्यावर कुठेतरी ओरखडा पडावा लागतो, मग पुढे मोड होते. नायलॉन म्हणजे ठरावीक अंतरावर सांधे दिलेला दोर. सांधा उसवणं तत्त्वतः सोपं. पण नायलॉनचे दोर एकमेकांना इतके चिकटून, दाटून बसलेले असतात की त्या सांध्यापर्यंत रस पोचतच नाही.

नायलॉन खाणाऱ्या जिवाणूची गोष्टही म्हणूनच नीट वाचावी लागते. १९७५ साली जपानमध्ये नायलॉन कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्यात असा जिवाणू सापडला. नायलॉनचा शोध १९३५ चा, म्हणजे त्याआधी असलं अन्न निसर्गात नव्हतंच. ४० वर्षांत एका जिवाणूने ते खायला शिकून घेतलं, हे खरंच थक्क करणारं आहे. पण तो खातो काय? नायलॉन बनवताना वाया जाणारे सुटे, आखूड तुकडे. विणलेलं जाळं त्याच्यापुढे टाकलं तर त्याचा इलाज चालत नाही. "१९७५ पासून नायलॉन खाणारे जिवाणू आहेत, मग जाळी समुद्रात कुजतातच" असं एका सभासदाने ग्रुपवर लिहिलं होतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

समुद्रात हे काम का होत नाही, ते आपल्यापैकी कुणालाही पाण्यात उतरल्याशिवाय कळण्यासारखं आहे. अळीचं पोट उबदार असतं. तिथे घास आधी दातांनी बारीक होतो, मग जिवाणूंची दाटी त्यावर तुटून पडते, आणि वरून रोज कोंडा-पिठाचं पोषण मिळतं. खडकावर अडकलेल्या जाळ्याला यातलं काय मिळतं? तळाशी ऊन पोचत नाही, त्यामुळे धागा उन्हाने ठिसूळही होत नाही. पाणी गार. चावून बारीक करणारं कोणी नाही. पीपी आणि एचडी पाण्यापेक्षा हलकं, नायलॉन जड, हे दोर धुताना आपण रोज पाहतो. म्हणजे तुटलेला दोर तरंगत तरंगत किनाऱ्याला लागून उन्हात चुरा तरी होईल. सुटलेली कांडाळ मात्र बुडते, आणि कोणी ओढणारं नसताना वर्षानुवर्षं मासळी मारत राहते. तिच्यात अडकलेला मासा मरतो, तो खायला खेकडा येतो, तोही अडकतो. अळी तिथे जाणार नाही. तिच्या पोटातला जिवाणू नुसता नेऊन सोडला तरी खाऱ्या, गार पाण्यात तो ते पोट सोबत नेणार नाही.

कोळंबीचे तळे करणाऱ्या दोघांनी आणखी एक विचारलं, ते महत्त्वाचं आहे. थर्माकोल खाल्लेली अळी कोळंबीला खाद्य म्हणून चालेल का? यावर स्टॅनफर्डमध्येच काम झालंय. काही थर्माकोलमध्ये आग लवकर लागू नये म्हणून एचबीसीडी नावाचं रसायन घालायचे, ते विषारी आहे. असा थर्माकोल मीलवर्मना खायला घातला. २४ तासांत त्यातलं सुमारे ९० टक्के रसायन विष्ठेतून बाहेर पडलं, ४८ तासांत जवळपास सगळंच. मग त्या अळ्या व्हनामी कोळंबीला दिल्या, आपल्याकडे तळ्यांत असते तीच जात. कोळंबीच्या अंगात ते रसायन साठलेलं आढळलं नाही. आशा वाटावी असाच निकाल आहे. पण तो प्रयोगशाळेतला, मोजून-मापून दिलेल्या खाद्याचा. आणि विष गेलं कुठे, तर विष्ठेत. ती विष्ठा आणि अळ्या एकत्रच तळ्यात पडल्या तर हिशेब पार बदलतो. निर्यातीच्या मालात काय काय तपासतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हा घरच्या घरी हा प्रयोग कोणी करू नये.

मग या सगळ्या शोधाचा उपयोग काय? शास्त्रज्ञांनाही लाखो अळ्या पाळायच्या नाहीत. जिवाणूतलं किंवा लाळेतलं ते पाचक द्रव्य ओळखायचं, ते वेगळं तयार करायचं, आणि टाकीत दळलेल्या प्लास्टिकवर सोडायचं, असा त्यांचा बेत. पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकवर, म्हणजे पेटवर, हे बरंच पुढे गेलंय. त्याचा जिवाणू २०१६ साली जपानमधल्या साकाई शहरातल्या बाटल्या रिसायकल करणाऱ्या कारखान्याजवळ सापडला होता. पेटच्या साखळीला सांधे असतात आणि ते उसवता येतात, म्हणून तिथे लवकर जमलं. थर्माकोल आणि एचडी या रांगेत बरेच मागे आहेत.

आणि टाकी आली तरी तिच्यात माल लागेल तो गोळा केलेला, वेगळा केलेला, बऱ्यापैकी स्वच्छ. नायलॉन, पीपी आणि एचडी एकत्र गुंतलेला गोळा आज भंगारवाला घेत नाही, उद्याची टाकीही घेणार नाही.

म्हणून शेडच्या मागचा ढीग अळ्यांवर सोडायचा नाही, असं कमिटीने ठरवलंय. जुन्या जाळ्यांची वर्गणी आहे तशीच चालू राहील. बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, होड्या किनाऱ्यावर असताना जाळी सांधायला काढाल तेव्हा कांडाळीचे तुकडे एका गोणीत आणि दोर दुसऱ्या गोणीत टाका. ओळख पटत नसेल तर बादलीत टाकून पाहा, बुडलं ते नायलॉन, तरंगलं ते दुसरं. बोये आणि शिसं कापून वेगळं काढा. थर्माकोलच्या पेट्या फोडू नका, अख्ख्या आणि कोरड्या ठेवा. फुटलेल्या पेटीचे मणी वाऱ्याने कुठे जातात ते सांगायला नको. जाळू तर अजिबात नका, काळा धूर शेजारच्या घरांत जातो आणि तो अंगाला वाईट.

गोण्या सोसायटीच्या ऑफिसात मिळतील, रोज सकाळी लिलाव आटोपल्यावर दुपारी एकपर्यंत. ज्यांना तो अळीचा प्रकार प्रत्यक्ष बघायचाच आहे त्यांनी मुलांना काचेच्या बरणीत दहा-वीस मीलवर्म, थोडा कोंडा आणि थर्माकोलचा एक तुकडा घालून द्यावा. झाकणाला बारीक भोकं ठेवा, बरणी उन्हात ठेवू नका. पंधरा दिवसांनी तुकडा सोनाराच्या काट्यावर आधी-नंतर तोलून किती कमी झाला ते ग्रुपवर टाका.